नॅनोकण वापरून उन्हातून उष्णता कशी काढायची (आणि काढलेली पळू कशी द्यायची नाही)

नॅनोकण म्हटलं की डोळ्यासमोर लॅब, पांढरे कोट आणि काचेच्या पेट्यांमधली महागडी मशिनं येतात, पण साधी काजळी म्हणजे नॅनोकणांचा ढीगच असतो. मेणबत्तीच्या ज्योतीवर चमचा धरला की जो काळा थर बसतो त्यातला एकेक कण साधारण ३० ते ५० नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि हे कण मण्यांसारखे एकमेकांना चिकटून माळा करून बसलेले असतात. चित्रकलेची काळी कार्बन शाई म्हणजे हीच काजळी पाण्यात नीट मिसळून ठेवलेली. म्हणजे खालचं सगळं करायला तुमच्याकडे माल आधीपासून आहे, फक्त वापरायचा कसा ते बघायचंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण मी स्वतः यात भरपूर वेळ घालवलाय. ऊन शोषून घेणं हा यातला सोप्पा भाग आहे. काळी वस्तू ऊन खातेच, त्यात काही ग्रेट नाही. सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी पुढे आहे, म्हणजे ती उष्णता नेमकी कुठे तयार होते आणि तिथून कुठल्या कुठल्या वाटेने पळते. मी पहिले कितीतरी दिवस अजून काळं, अजून काळं करत बसलो होतो आणि रिझल्ट जागचा हलत नव्हता.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. सोन्याचं उदाहरण घेऊ. सोन्याचा २० नॅनोमीटरचा कण पिवळा दिसत नाही, त्याचं पाणी वाइनसारखं लाल दिसतं, कारण साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश पडला की त्या कणातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात हिंदकळतात आणि तो रंग गिळून टाकतात. याला प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस कप बाहेरून उजेड पडला तर हिरवा आणि आतून दिवा लावला तर लाल दिसतो, तो याच कारणाने, काचेत सोन्याचांदीचे बारीक कण आहेत. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८५७ साली असं लाल सोनं बनवून त्यावर पेपर लिहिला आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) याने १९०८ साली त्याचं गणित सोडवलं. हिंदकळणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) कणाच्या अणूंना मिळते आणि तिथून शेकडो पिकोसेकंदांत आजूबाजूच्या पाण्याला. झालं, प्रकाशाची उष्णता झाली.

आता एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच ठिकाणी असं वाचायला मिळतं की उन्हात प्रत्येक कण स्वतः लालबुंद तापतो आणि त्याच्याभोवती वाफेचा बुडबुडा तयार होतो. साध्या उन्हात असं काही होत नाही. २० नॅनोमीटरच्या एकट्या सोन्याच्या कणाचं गणित करून बघितलं तर भर दुपारच्या उन्हात तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा एका डिग्रीच्या लाखाव्या भागाइतकासुद्धा जास्त तापत नाही, कारण इतक्या बारक्या कणाची उष्णता पाणी लगेच ओढून घेतं. तापतो तो कोट्यवधी कणांचा घोळका मिळून. म्हणूनच एकेका कणाच्या करामतीपेक्षा घोळका कुठे ठेवलाय याला महत्त्व आहे.

मग सोनं घ्यायचं का? नाही. गोल सोन्याचा कण रंगाचा एक छोटा पट्टाच खातो, बाकीचं ऊन आरपार. कण लांबट काडीसारखे केले की तो पट्टा इन्फ्रारेडकडे सरकवता येतो, कॅन्सरवरच्या संशोधनात ते कामाचं आहे, पण आपल्याला सगळंच ऊन हवंय. उन्हाची साधारण अर्धी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते. कार्बन हा बाबा काहीही सोडत नाही, अतिनील, दिसणारा, इन्फ्रारेड सगळं घेतो आणि वर स्वस्त.

इथे एक मोठा झोल आहे तो लक्षात ठेवा. काळं दिसणारं सगळं इन्फ्रारेडमध्ये काळं नसतं. पेनातली काळी शाई बहुतेक वेळा डायची, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची असते, त्यात कण नसतात, आणि अशा बऱ्याच डायमधून इन्फ्रारेड सरळ पलीकडे जातं. काळ्या रंगवलेल्या सुती कापडाचंही अनेकदा तेच. म्हणजे तुम्ही समजताय की हे कापड सगळं ऊन खातंय आणि ते अर्धं परत फेकतंय. चेक करायला टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाईलचा कॅमेरा चालू करा (सेल्फीचा घ्या, मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड फिल्टर असतो) आणि रिमोटचं बटण दाबून त्याच्या टोकाचा दिवा कॅमेऱ्यात चमकताना दिसतो का बघा. दिसला की मध्ये शाई लावून वाळवलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरा. डायची शाई असेल तर बऱ्याचदा काळ्यातूनही दिवा लुकलुकताना दिसेल, कार्बनची असेल तर दिवा गायब. दोन मिनिटांची टेस्ट आहे, पण मी ती केली नव्हती म्हणून माझा पहिला अख्खा आठवडा वाया गेला.

शाईत खरोखर कण आहेत का हे लेझर पॉइंटरनेही कळतं. ग्लासभर पाण्यात शाईचा एखादा थेंब टाकून अंधारात लेझर सोडला की कण असतील तर किरणाची रेघ पाण्यात दिसते, डाय असेल तर जवळजवळ दिसत नाही.

मेणबत्तीची काजळी का नको असं विचाराल. चालते, पण ती तेलकट असते, पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगत बसते, साबणाचा थेंब टाकून ढवळलं तरी थोड्या वेळाने गोळे होतात. आणि कोरडी काजळी उडते. कोरडी नॅनोपावडर तर विकत आणूच नका, इतके बारीक कण श्वासातून फुप्फुसात खोलवर जातात, कार्बन ब्लॅकला कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, माणसात कॅन्सर करू शकेल अशा संशयितांच्या यादीत म्हणजे गट २ बी मध्ये टाकलंय. ओल्या शाईतले कण उडत नाहीत, त्यामुळे शाईच बरी.

पहिला प्रयोग सगळ्यात साधा आहे, वॉर्मअप म्हणून करा. अर्ध्या लिटरच्या चार एकसारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत पाणी पण बाटली बाहेरून काळी रंगवलेली, तिसरीत थोडी शाई, चौथीत भरपूर शाई. चारही उन्हात, वारा लागणार नाही अशा ठिकाणी, खाली पुठ्ठा ठेवून उभ्या करा आणि दर दहा मिनिटांनी तापमान घ्या, घ्यायच्या आधी बाटली एकदा उलटीसुलटी करून घ्या नाहीतर वरचं पाणी गरम आणि खालचं गार असतं आणि तुम्ही भलताच आकडा लिहिता.

"थोडी" शाई म्हणजे किती, तर बाटलीमागे छापील कागद धरला की अक्षरं जेमतेम दिसेनाशी होतील इतकी. हे माप महत्त्वाचं आहे. शाई कमी पडली तर ऊन आरपार निघून जातं. जास्त झाली तर सगळं ऊन पहिल्या एकदोन मिलिमीटरातच संपतं, मग काचेला चिकटलेला तेवढा थर तापतो आणि त्याची उष्णता काचेतून लगेच बाहेर, म्हणजे बाटली बाहेरून रंगवल्यासारखंच झालं. कणांचा फायदा हाच की उष्णता बाहेरच्या भिंतीवर नाही तर पाण्याच्या पोटात तयार होते. शाई थोडी पातळच ठेवून बाटलीच्या मागे ॲल्युमिनियम फॉईल लावली तर निसटलेलं ऊन परत आत येतं, हा जुगाड मला फार आवडतो.

अपेक्षा मात्र आवरा. अशा बाटलीची उन्हाकडची बाजू साधारण १०० चौरस सेंटीमीटर, ऊन समोरून पडतंय असं धरलं आणि भर उन्हात चौरस मीटरला १००० वॅट धरले तर तिला जास्तीत जास्त १० वॅट मिळतात. अर्धा लिटर पाणी एक डिग्री तापवायला सुमारे २०९० जूल लागतात, म्हणजे काहीही वाया गेलं नाही तरी साडेतीन मिनिटांना एक डिग्री. याच्यापेक्षा जोरात तापताना दिसलं तर थर्मामीटरवर थेट ऊन पडतंय. नुसत्या पाण्याची बाटलीही तापेल, पाणी स्वतः इन्फ्रारेडचा काही भाग खातं. आणि रंगवलेल्या बाटलीत आणि थोड्या शाईच्या बाटलीत फरक छोटाच असेल. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा नॅनोकणांच्या द्रवाचे छोटे सोलर कलेक्टर तपासले तेव्हा त्यांना कार्यक्षमतेत ५ टक्क्यांपर्यंतच वाढ मिळाली होती. इंजिनिअरिंगमध्ये ५ टक्के म्हणजे बरेच, पण जादू नव्हे.

आता खरा प्रयोग. यात सगळं पाणी तापवायचंच नाही, फक्त वरचा पातळ थर तापवून त्याची वाफ काढायची.

टेक्सासच्या राइस युनिव्हर्सिटीत नाओमी हॅलस यांच्या ग्रुपने २०१२-१३ च्या सुमारास सिलिकावर सोन्याचं आवरण असलेले कण पाण्यात टाकून, त्यावर लेन्सने ऊन पाडून, बाकीचं पाणी फारसं न तापवता वाफ काढून दाखवली तेव्हा खूप गाजावाजा झाला. मग २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाच्या गँग चेन यांच्या ग्रुपने म्हटलं की कण पाण्यात फिरवायचेच कशाला, तरंगवू या. त्यांनी कार्बन फोमवर फुलवलेल्या ग्रॅफाइटचा थर दिला, खालचा फोम उष्णता खाली जाऊ देत नाही, आणि दहापट एकवटलेल्या उन्हात ८५ टक्के कार्यक्षमता मिळवली, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी ८५ टक्के ऊर्जा वाफ करण्यात गेली. २०१६ मध्ये त्याच ग्रुपने लेन्सशिवाय साध्या उन्हात १०० डिग्रीची वाफ काढली, त्यात वरून चक्क पॅकिंगचा बबल रॅप लावला होता. बघा, हळूहळू सगळं लक्ष कणांवरून इन्सुलेशनकडे गेलं.

आपलं मॉडेल असं. सरळ बाजूंचं १० सेंटीमीटर व्यासाचं काचेचं भांडं. सेंटीमीटरभर जाड थर्मोकोलची चकती, भांड्यात सैलसर बसेल पण कडेने मोठी फट राहणार नाही अशी. चकतीच्या मधोमध बोटाएवढं भोक. जाडसर सुती कापडाचा गोल तुकडा, तो कार्बनच्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये बुडवून पूर्ण वाळवायचा, मग पाण्याखाली धरून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवायचा, परत वाळवायचा, असं दोन तीनदा. तेवढ्याच जाड न रंगवलेल्या कापडाची गुंडाळी करून वात बनवायची, ती भोकातून खाली पाण्यात सोडायची आणि वर कापडाला टेकवायची. वात पाणी वर चढवते, थर्मोकोल उष्णता खाली उतरू देत नाही, कापड तापतं आणि फक्त त्याच्यातलं पाणी उडतं. बस एवढंच.

वात किती जाड, इथे थोडं ट्रायल लागेल. बारीक झाली तर कापडाच्या कडा कोरड्या पडतात आणि कोरडा काळा भाग नुसताच तापत बसतो. फार जाड झाली तर वातीतूनच उष्णता खाली उतरते, कारण थर्मोकोलपेक्षा ओलं कापड कितीतरी जास्त उष्णता वाहतं. माझी पहिली वात अंगठ्याएवढी होती आणि मला वाटत होतं जास्त पाणी म्हणजे जास्त वाफ. प्रत्यक्षात खालचं पाणी कोमट होत होतं आणि वजन हवं तसं घटत नव्हतं. वात अर्धी केली तेव्हा कुठे आकडा हलला.

मोजायचं वजनाने, तापमानाने नाही. भांडं ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, १ ग्रॅमवाला इथे उपयोगाचा नाही, का ते बघा. १० सेंटीमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, त्यावर भर उन्हात ७.८५ वॅट, तासाला सुमारे २८ किलोजूल. या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २.४ किलोजूल लागतात. म्हणजे १०० टक्के ऊन वापरलं तरी तासाला ११.८ ग्रॅमच. हे आपलं छप्पर. नुसतं उघडं पाणी अशाच भांड्यात ३ ते ४ ग्रॅमच्या आसपास जातं, चांगलं जमलेलं तरंगतं मॉडेल ८ ते १० पर्यंत पोचतं.

आणि एक तास हेच मॉडेल सावलीत ठेवून किती वजन घटतं तेही मोजा, कारण पाणी उन्हाशिवायही उडतं, आणि ते वजा केलं नाही तर तुम्ही स्वतःलाच फसवताय. समजा उन्हात ९.५ ग्रॅम गेलं आणि सावलीत १, तर उन्हाचे ८.५, भागिले ११.८, म्हणजे ७२ टक्के. पण हे ११.८ ऊन पूर्ण १००० वॅटचं असेल तरच. ऊन मोजायला पायरॅनोमीटर नसतोच कुणाकडे, त्याऐवजी छोटं सोलर पॅनल घ्या, मल्टिमीटरने त्याचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलची दोन टोकं थेट मीटरला जोडल्यावरचा करंट, बघा (मल्टिमीटर झेपेल एवढं छोटंच घ्या), मागच्या लेबलवर १००० वॅटला किती करंट ते लिहिलेलं असतं, आपला करंट त्याच्या किती टक्के आहे तितकं टक्के ऊन. पॅनल भांड्याशेजारी आडवं ठेवायचं, सूर्याकडे वळवायचं नाही, कारण कापडही आडवंच आहे. सूर्य डोक्यावरून ६० डिग्री कलला की आडव्या पृष्ठभागावर समोरून पडणारं ऊन निम्मंच पडतं.

उत्तर १०० टक्क्यांच्या वर आलं तर पार्टी करू नका. बहुतेक वेळा वारा असतो, किंवा कापड चकतीच्या बाजूने खाली लोंबत असतं आणि तुम्ही क्षेत्रफळ फक्त वरचं धरलेलं असतं, किंवा काटा उन्हात तापून आकडा सरकलेला असतो (काट्यावर पुठ्ठ्याची सावली करा, तो भांड्याला टेकू देऊ नका).

कापडाचं तापमान बघायला इन्फ्रारेड गन चालते, पण काचेतून किंवा झाकणातून मारली तर ती काचेचं तापमान दाखवते. गंमत अशी की चांगल्या चाललेल्या मॉडेलमध्ये कापड फार गरम नसतंच, ४० च्या आसपास असतं, आणि नवीन माणसाला वाटतं फसलं. उलट आहे. आजूबाजूला ३० डिग्री असताना ४० डिग्रीचं काळं कापड चौरस मीटरला साधारण ६६ वॅट परत बाहेर फेकतं, ६० डिग्रीचं असेल तर २२० वॅट. म्हणजे जितकं गरम तितकी गळती. वाफ हवी असेल तर गार राहणंच फायद्याचं. खूप गरम पाणी किंवा कडक वाफ हवी असेल तर मग गळती थांबवणारं कोटिंग लागतं, सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांवर असतं तसं, जे ऊन खातं पण स्वतःची उष्णता फार कमी फेकतं. ते शाईने होत नाही.

पुढची पायरी म्हणून वर तिरकी काच किंवा प्लास्टिक लावून वाफ पकडून पाणी गोळा करता येतं. इथे आकडा पडणार हे धरून चाला, काचेवर थेंब जमले की ते ऊन परत फेकतात आणि आतली हवा दमट झाली की वाफ व्हायचा वेग मंदावतो. आणि ते पाणी प्यायचं नाही. झाकण, कापड, शाई यातलं काय काय त्यात उतरलंय ते घरी तपासता येत नाही, शिवाय वाफेबरोबर उडून येणारी केमिकल्स शुद्ध होत नाहीत, तीही पलीकडे येतातच.

खारं पाणी वापरायचं असेल, समुद्रासारखं म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ, तर शाई पाण्यात मिसळलेली नको, कापडावर पक्की बसलेलीच हवी. मिठामुळे कणांवरचा विद्युत भार झाकला जातो, मग ते एकमेकांना ढकलत नाहीत आणि गुठळ्या होऊन तळाला बसतात. कापडावर दुसरा त्रास, संध्याकाळपर्यंत कडेने पांढरं मीठ फुटतं आणि पांढरं म्हणजे ऊन परत. रात्रभर मॉडेल तसंच पाण्यावर राहू दिलं तर बरंचसं मीठ वातीतून खाली उतरतं. नाही उतरलं तर कापड काढून साध्या पाण्यात विसळायचं.

लेन्सचा मोह सगळ्यांना होतो. फ्रेनेल लेन्सखाली (ऊन एका ठिपक्यात गोळा करणारी चपटी लेन्स) थर्मोकोल सेकंदात वितळतो, कापड पेटतं, आणि तो ठिपका डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी एकदा केलं, भोक पडलेली चकती अजून आहे, परत करणार नाही.

उरलेलं शाईचं पाणी गटारात ओतू नका. पसरट भांड्यात उन्हात वाळू द्या, पूर्ण कोरडं व्हायच्या आत ओल्या कागदाने पुसून घ्या, कागद पिशवीत बांधून कचऱ्यात. खरवडायचं नाही, खरवडलं की परत तीच उडणारी पावडर.